हेल्मेटखालची टोपी

त्या दिवशी मी तेरा वर्षांची होते. शनिवार होता. अन्वीच्या आईनं मला अन्वीचं जॅकेट घातलं, अन्वीचा नंबर माझ्या पाठीवर बांधला आणि प्लास्टिकची टोपी माझ्या हातात दिली. मी टोपी डोक्यावर चढवली. टोपीवर हेल्मेट घातलं. मग त्या म्हणाल्या, "कोणी काही विचारलं तर बोलायचं नाही. नुसती मान हलव."

मी मान हलवली.

ही टोपी म्हणजे हॉटेलच्या बाथरूममध्ये साबणाच्या वडीशेजारी ठेवलेली असते ती. अंघोळ करताना केस भिजू नयेत म्हणून. अन्वीचे वडील गॅस कंपनीत इंजिनिअर होते. सारखे फिरतीवर. येताना ते शाम्पूच्या छोट्या बाटल्या आणायचे, चपला आणायचे आणि या टोप्या आणायचे. काकूंच्या, म्हणजे अन्वीच्या आईच्या, पर्समध्ये त्यांचा गठ्ठा असायचा. पहिल्यांदा दिली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, हायजीन असतं गं, घामानं हेल्मेटचं अस्तर खराब होतं. मला ते पटलं. मी अकरा वर्षांची होते आणि मला हेल्मेट मिळालं होतं, तेवढंच पुष्कळ होतं.

मग एका शुक्रवारी अन्वीची शाळेतली मैत्रीण आली. तिला अन्वीच्या पोनीवर फेरी मारायची होती. तिनं तेच हेल्मेट थेट केसांवर घातलं, तीन चकरा मारल्या, घामानं निथळत खाली उतरली आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. मी ते घालणार, एवढ्यात काकूंनी पर्स उघडली. टोपी काढली.

म्हणजे घाम चालत होता. माझा चालत नव्हता.

पप्पा तिथंच होते. दुसऱ्या एका घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकत होते. त्यांनी पाहिलं. तोंडातला खिळा काढला, नालेच्या भोकात धरला आणि हातोडा मारला. त्यांनी पाहिलं हे मला माहीत आहे, कारण तो एक खिळा वाकडा गेला. त्यांचा खिळा कधी वाकडा जात नसे.

पप्पांना जाऊन चार महिने झाले. मी हळू लिहिते आहे. एक वाक्य लिहिते, मग बराच वेळ काही लिहीत नाही.

पप्पा मूळचे माथेरानच्या पायथ्याचे. लहानपणापासून घोडा धरायचे. म्हणजे पर्यटक वर बसणार आणि हे लगाम धरून लाल मातीतून चालत जाणार. नंतर नालबंदी शिकले, पुण्याला रेसकोर्सवर राहिले आणि तिथून दोहाला आले. आई नर्स. तिला इथल्या एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली म्हणून मी आणि आई येऊ शकलो. मुऐदरला एका व्हिलाचे पाच भाग करून पाच कुटुंबं राहायची, त्यातला एक भाग आमचा. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. ती आईनं सुटकेसमध्ये साडीत गुंडाळून आणली होती.

तबेला रय्यानच्या बाजूला होता. तिथं मराठी बोलणारी दोनच घरं. आमचं आणि अन्वीचं. मदिनत खलीफामध्ये त्यांचा व्हिला होता. पहिल्या भेटीत काकूंनी फार आनंदानं विचारलं होतं, अरे वा, मराठी का, कुठले तुम्ही, आडनाव काय? पप्पांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." मग अन्वीला घेऊन पाण्याच्या हौदाकडे गेल्या. एवढ्या लांब येऊनही आडनाव एका शब्दात पोचतं.

मी त्यांना काकू म्हणायचे. कुठल्याही मराठी मुलीनं म्हटलं असतं. काही दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, इथं ट्रेनर असतो, बाकीचे पेरेंट्स असतात, उगाच गैरसमज होतात, तर इथं आपण मॅम म्हणूया. त्या "आपण" म्हणाल्या. म्हणायचं मी एकटीनं होतं.

बिस्किट हे त्यांचं पोनी. करड्या रंगाचं, पोटाशी गोल, डोळ्यांत कायम काहीतरी खोडी. पप्पा त्याला तट्टू म्हणायचे. एकदा काकूंनी ऐकलं आणि हसत म्हणाल्या, "अहो दादा, तट्टू काय म्हणता? भाड्याचं आहे का?"

पप्पाही हसले. "आमच्याकडं सगळी भाड्याचीच असतात मॅडम. पण लाथ तेवढीच मारतात."

बिस्किटची एक सवय होती. बाहेर काढलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं ते पाठ कमानीसारखी वर करायचं, उसळ्या मारायचं. एकदा तो जोर ओसरला की लोण्यासारखं चालायचं. पण ती दहा मिनिटं कुणीतरी वर बसून काढायला हवीत. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार सगळे मोठी माणसं, त्यांचं वजन पोनीला झेपत नाही. अन्वी घाबरायची. रिकिबीत पाय ठेवायच्या आधीच तिचे ओठ पांढरे पडायचे. ट्रेनर म्हणाला, एखादं हलकं मूल पाहा, जे रोज आधी बसेल. पप्पा लगेच म्हणाले, "आमची पोरगी बसंल की."

हे मी लपवणार नाही. पप्पांनी मला स्वतः दिलं. आनंदानं दिलं. त्यांना वाटलं, लेकीला घोडा मिळाला. आणि मला घोडा मिळालाच. दोन वर्षं, हिवाळ्याचे सगळे दिवस, शाळेची बस सोडली की मी तबेल्यात. बिस्किट उसळायचं, मी टिकायचे. ते शांत झालं की मी उतरायचे. मग अन्वी बसायची. उतरल्यावर माझी जागा रेलिंगच्या बाहेर.

तिथं उभी राहून मी जळायचे.

लोकांना वाटतं हेवा म्हणजे दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा. मला त्यांच्या व्हिलाचं काही नव्हतं. मला हेवा वाटायचा तो अन्वीच्या वेणीचा, जिच्यात स्पर्धेच्या दिवशी काकू पांढरी रिबन गुंफायच्या. तिच्या बुटांचा, जे तिला लहान होत गेले तरी नवे दिसत होते. तिच्या भीतीचासुद्धा. तिला घाबरायची मुभा होती. ती घाबरली की चार माणसं धावायची, पाणी आणायची, इट्स ओके म्हणायची. मी घाबरले असते तर बिस्किटसाठी दुसरं कुणीतरी हलकं शोधलं असतं.

आणि सगळ्यात जास्त हेवा त्या फॉर्मचा. लहान मुलांच्या स्पर्धेत भाग घ्यायचा तर एक फॉर्म भरावा लागतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, वयोगट, क्लब, पालकांची सही. पोनीचंही नाव, त्याचा पासपोर्ट, खांद्यापाशी मोजलेली उंची. ती एका ठरलेल्या मापाच्या वर गेली तर पोनी घोडा ठरतं आणि त्याला मुलांच्या गटात घेत नाहीत. मापाच्या दिवशी मीच बिस्किटला सपाट फरशीवर चौरस उभं केलं होतं. फॉर्म भरताना काकू टेबलावर बसल्या होत्या आणि मी उभी राहून वाचत होते. बिस्किटचं नाव होतं. बिस्किटच्या आईबापांची नावं होती. अन्वीचं होतं. बिस्किटचा पाय कोणता आधी पडतो हे त्या टेबलाशी मला एकटीला माहीत होतं आणि त्या कागदावर माझ्यासाठी ओळ नव्हती.

अन्वी वाईट नव्हती. हे लिहायला मला त्रास होतो, पण ती नव्हती. एकदा मी उतरले तेव्हा ती रेलिंगवर हनुवटी टेकवून उभी होती. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची, मराठी तिला नुसती समजायची. अगदी शांतपणे म्हणाली, "यू राइड हिम सो नाइसली. आय हेट यू."

मी म्हटलं, "मी टू."

आम्ही दोघी हसलो. मग ती बसायला गेली आणि मी बाहेर आले.

स्पर्धेचा एक नियम असतो. त्या दिवशी मैदानात पोनीवर फक्त तेच मूल बसू शकतं ज्याचं नाव यादीत आहे. स्पर्धेआधी घोडा मोकळा करायच्या जागेतसुद्धा. कारण उघड आहे. नाहीतर चांगला स्वार आधी घोडा तयार करून देईल आणि बक्षीस दुसराच नेईल. आणि आमच्याकडं रोज तेच तर चाललं होतं. फक्त तो स्पर्धेचा दिवस नसायचा.

आधीच्या दोन स्पर्धांत अन्वी स्वतःच बसली होती आणि बिस्किटनं दोन्ही वेळा तिला पाडलं होतं. म्हणून यावेळी जॅकेट. मी आणि ती एकाच उंचीच्या. हेल्मेट आणि जॅकेट घातलं की लांबून कोण ओळखणार? पंधरा मिनिटं मी फिरवायचं, घोडे आणायच्या गाड्या उभ्या असतात तिथं मागे यायचं, कपडे बदलायचे, खलास. पप्पांना हे काकूंनी आदल्या दिवशी सांगितलं. पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, जमंल ना गं बाय? मी हो म्हटलं.

खरं सांगते, मला ते जॅकेट घालायचं होतं. काळं, सोनेरी बटणांचं, आत गुळगुळीत अस्तर. मी ते घालून सरावाच्या जागेत गेले तेव्हा माझ्या आजूबाजूला आठ-दहा मुलं होती. अरबी मुलं, गोरी मुलं, एक चिनी मुलगी. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला खटकत नव्हते. बिस्किटनं चार उसळ्या मारल्या, मी पाचवीला हसले. मग ते वितळलं. आम्ही सरावाचा अडथळा पार केला. पुन्हा केला. पलीकडे एक बाप आपल्या मुलाला म्हणत होता, लुक अॅट दॅट गर्ल. त्याला मी दिसत होते. मला वाटलं, आता थांबूच नये. इथून थेट मुख्य मैदानात जावं.

टोपी सरकली. उसळ्यांमध्ये सरकली असेल. तिची चुण्यांची कड हेल्मेटखालून कपाळावर आली. डोळ्यांपुढं काहीतरी पांढुरकं फडफडायला लागलं.

दारापाशी एक अधिकारी बाई उभ्या होत्या. गळ्यात पास, हातात यादी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. हेल्मेटखाली काय आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. टोपीवर हेल्मेट घट्ट बसत नाही, पडलीस तर निसटेल, काढ ते. मी हनुवटीचा पट्टा सोडला. हेल्मेट काढून कोपरात अडकवलं. टोपी काढली. त्यांनी पाठीवरचा नंबर पाहिला, यादी पाहिली, माझं तोंड पाहिलं.

"तुझं नाव काय?"

मला मान हलवायची होती. या प्रश्नाला मान हलवता येत नाही.

तेवढ्यात काकू पोचल्या. चालत आल्या, धावत नाही. हसत आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, सॉरी, ही आमच्या नालबंदाची मुलगी. माझ्या मुलीचं जॅकेट घालून न विचारता वर चढली. मग आवाज थोडा खाली आणून, जणू माझ्याच भल्यासाठी, म्हणाल्या, "शी इज व्हेरी जेलस ऑफ माय डॉटर."

ते खरं होतं. त्या सगळ्या खोट्यात एकच वाक्य खरं होतं आणि ते माझ्या अंगावर बरोबर बसलं.

पप्पा मागून आले होते. हातात खूर घासायची कानस तशीच. काकू वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "दादा, तुम्हीच सांगा ना यांना."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बिस्किटच्या खुराकडे पाहिलं. मग त्या अधिकारी बाईंना म्हणाले, "येस मॅडम. शी मिस्टेक. स्मॉल गर्ल. सॉरी."

मी अजून घोड्यावर होते. त्या सगळ्यांपेक्षा उंच. माझ्या एका हातात लगाम होता आणि दुसऱ्या हातात ती टोपी. घामानं आतून ओली झालेली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला उत्तर दिसलं.

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. मग म्हटलं, "मी चोरून बसले असते, तर ही टोपी घालून बसले असते का?"

शाळेतल्या इंग्रजीत म्हटलं. नीट, हळू. मी अजूनही तशीच बोलते.

बाईंनी टोपी माझ्या हातातून घेतली. कुणी दिली, विचारलं. मी काकूंकडे बोट केलं. काकू म्हणाल्या, हायजीन. बाईंनी काकूंकडे पाहिलं नाही. गाडीच्या मागून अन्वी आली होती, माझ्या शर्टात, मोजे वर ओढलेले, केसांत रिबन. बाईंनी तिला विचारलं, तूही हे घालतेस का?

अन्वी आईकडे बघत म्हणाली, "नो. दॅट्स ओन्ली फॉर हर."

बिस्किट फुरफुरलं.

बिस्किटचं नाव यादीतून कापलं. लाउडस्पीकरवर पुढचा नंबर पुकारला गेला. मी उतरले, जॅकेट काढलं, घडी घातली आणि काकूंच्या हातात दिलं. म्हटलं, "घ्या काकू." मॅम म्हटलं नाही. अन्वी रडत होती. मला वाटतं सुटका झाल्यामुळे. मला तिचा तेव्हाही हेवा वाटला. तिला रडता येत होतं आणि त्या दिवशी फिरतीवरून आलेले तिचे वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

माझे वडील अवजारं गाडीत भरत होते.

मुऐदरपर्यंत पप्पांनी गाडी चालवली. घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा इंजिन बंद करून एवढंच म्हणाले, "खलास केलंस सगळं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सीझन संपल्यावर तबेल्यानं त्यांचा करार पुढं चालवला नाही. कारण सांगितलं नाही. पप्पांना दुसरं काम मिळालं, शहानियाच्या वाटेवरच्या एका तबेल्यात. तिथंच खोली. शुक्रवारी घरी यायचे. आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला आलो, आईच्या दवाखान्याजवळ. मी पुन्हा घोड्यावर बसले नाही. शाळेच्या ग्रंथालयात बसायला लागले. आज अशाच एका ग्रंथालयात नोकरी करते. नऊ वर्षं मला वडील शुक्रवारपुरते मिळाले. शुक्रवारीही आम्ही त्या शनिवारबद्दल बोललो नाही. ते विचारायचे, पुस्तक कुठलं वाचतेस. मी नाव सांगायचे. ते म्हणायचे, मोठं आहे का? मी म्हणायचे, आहे. बस.

त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी त्यांना केलं का, तेही नाही. एका दुपारी ते नाल ठोकता ठोकता भिंतीला टेकून बसले आणि उठले नाहीत. मोतद्दारानं फोनवर हिंदीत सांगितलं, घोडा हलला नाही, पाय तसाच उचलून उभा होता. हे तो मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. विमानानं त्यांना मुंबईला नेलं, तिथून गावी. आम्ही दोघी परत आलो, कारण आईची ड्युटी होती आणि माझी शाळेतली नोकरी.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी काकू भेटायला आल्या. फळं घेऊन. केस पांढरे झालेले, आवाज तोच. अन्वी परदेशात शिकते, घोडा वगैरे केव्हाच सुटलं, बिस्किट विकलं. आईनं चहा ठेवला. त्या म्हणाल्या, नको नको, आत्ताच झाला. कप त्यांच्यासमोर तसाच राहिला, वर साय धरेपर्यंत.

त्यांनी पप्पांची आठवण काढली. किती हसतमुख, किती कष्टाळू. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फार इमानी माणूस गं. त्या दिवशीचं आम्ही कधी मनात ठेवलं नाही. तू लहान होतीस. हेवा वाटतो त्या वयात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्याकडे पाहायला हवं होतं, तसं पाहिलं.

मी काकूंचा हात उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "हेवा वाटत होता काकू. अजून वाटतो. पण टोपी तुमची होती. तुम्ही ते मनात ठेवा."

त्या उठल्या. चपला घातल्या. दारात आईला म्हणाल्या की दुःखात माणूस काहीही बोलतो. आई म्हणाली, "नाही. ती विचार करून बोलते."

त्या गेल्यावर आईनं तो चहा बेसिनमध्ये ओतला. कप विसळला आणि आमच्याच कपांमध्ये ठेवला.

मी हे लिहून ठेवते आहे ते पप्पांना सोडवण्यासाठी नाही. ते "शी मिस्टेक" म्हणाले, ते त्यांना म्हणावं लागलं, आणि तसं म्हणावं लागणारे बाप अजून या शहरात खूप आहेत. मी त्यांच्या बाजूनं खोटं सांगणार नाही आणि काकूंच्या बाजूनं गप्प बसणार नाही. माझा हेवा मला वाईट गुण म्हणून शिकवला गेला. मी तो तपासून पाहिला आहे. ज्या गोष्टी मी कमावल्या होत्या आणि ज्यांवर दुसऱ्याचं नाव होतं, त्याच गोष्टींचा तो होता. तो मी सोडणार नाही.

पप्पा गेले. बिस्किट विकलं गेलं. कानस आईच्या कपाटात आहे. माझं नाव माझ्याकडे आहे, आडनावासकट, आणि कुणी विचारलं की मी ते सांगते.